खूण विझली तरी पट्टा राहू द्या

विमान ठरलेल्या उंचीच्या जवळ पोचतं, घंटी वाजते, डोक्यावरची सीट बेल्टची खूण विझते आणि लगेच केबिनभर बकलं उघडल्याची खटखट ऐकू येते. ती खटखट थांबावी यासाठी हे लिहितो आहे. खूण विझली की गरज पडल्यास उठायची मुभा मिळते, इतकंच. जागेवर बसला आहात तोवर, जेवताना, सिनेमा बघताना आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे झोपताना, पट्टा कमरेला असू द्या. माझी विनंती एवढीच आहे. ती इतक्या कळकळीने का करतो आहे, हे मात्र नीट सांगायला हवं, कारण नुसतं ‘नियम आहे म्हणून’ सांगितलेलं आपण कोणीच फार दिवस पाळत नाही.

२१ मे २०२४. लंडनहून सिंगापूरला निघालेलं सिंगापूर एअरलाइन्सचं बोइंग ७७७ म्यानमारमधल्या इरावतीच्या खोऱ्यावरून ३७,००० फुटांवर चाललं होतं. विमानात २११ प्रवासी आणि १८ कर्मचारी होते. रात्रभराचा प्रवास झालेला, न्याहारीची वेळ. खाली गडगडाटी ढग वाढत होते. विमान थोडं हादरू लागलं, आपोआप वर चढू लागलं. अकरा सेकंदांत वैमानिकाच्या तोंडून ‘सीट बेल्टची खूण लावली’ असे शब्द निघाले. ते कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात आहेत. त्यानंतर साधारण आठ सेकंदांनी तो झटका बसला. सिंगापूरच्या अपघात तपास यंत्रणेने प्राथमिक अहवालात दिलेले आकडे असे: ०.६ सेकंदात विमानावरचा भार अधिक १.३५ जी वरून उणे १.५ जी वर गेला आणि पुढच्या चार सेकंदांत परत अधिक १.५ जी वर आला. एक जी म्हणजे आपलं रोजचं वजन. उणे दीड याचा अर्थ, विमान माणसाच्या अंगाखालून निघून गेलं आणि माणूस स्वतःच्या वजनाच्या दीडपट जोराने छताकडे फेकला गेला. मग विमान वर आलं आणि माणूस खाली पडला. हे सगळं पाच सेकंदांच्या आत.

या सगळ्यात विमान किती खाली गेलं? १७८ फूट. त्या दिवशी ‘सहा हजार फूट कोसळलं’ अशी बातमी सगळीकडे फिरली होती. ते सहा हजार फूट म्हणजे झटक्यानंतर साधारण सतरा मिनिटांनी वैमानिकांनी विमान ताब्यात ठेवून बँकॉककडे वळवताना केलेली उतराई होती. माणसं जखमी झाली ती त्या १७८ फुटांत. ७३ वर्षांच्या एका प्रवाशाचा मृत्यू झाला, कित्येकांच्या डोक्याला आणि मणक्याला गंभीर इजा झाल्या.

आठ सेकंद मोजून बघा. झोपलेल्या माणसाला जाग यायला, खूण दिसायला, मांडीवरचा ट्रे बाजूला करून, बुडाखाली गेलेलं पट्ट्याचं टोक शोधून ते बकलात घालायला आठ सेकंद पुरत नाहीत. जो उठून उभा आहे त्याला तर अजिबात नाहीत.

इथे कोणी म्हणेल, वैमानिकांना आधी कळलं कसं नाही? प्रश्न रास्त आहे. बहुतेक वेळा त्यांना आधी कळतं. इतकं आधी, की तुम्हाला काही घडणार होतं याचा पत्ताच लागत नाही. ज्या धक्क्यांतून आपण गेलोच नाही त्यांची बातमी होत नाही, म्हणून त्यामागचं काम आपल्याला माहीत नसतं.

ते काम विमान सुटायच्या काही तास आधी सुरू होतं. प्रत्येक कंपनीत फ्लाइट डिस्पॅचर नावाची माणसं असतात. वाटेवरच्या प्रत्येक टप्प्यावर कोणत्या उंचीला किती वारा आहे, तापमान किती आहे, एका उंचीवरून दुसऱ्या उंचीवर जाताना वाऱ्याचा वेग किती झपाट्याने बदलतो, हे सगळं त्यांच्या आराखड्यात असतं. लंडन आणि वॉशिंग्टन इथल्या दोन जागतिक हवामान केंद्रांकडून पुढच्या चोवीस तासांचे आणि त्याही पुढचे अंदाज साऱ्या जगाला मिळतात. त्याखेरीज आपापल्या आकाशावर नजर ठेवणारी कार्यालयं असतात. भारतात हे काम हवामान खात्याच्या दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई इथल्या कार्यालयांकडे आहे. एखाद्या पट्ट्यात जोरदार गडगडाटी वादळं किंवा तीव्र धक्के असतील तर ती ‘सिग्मेट’ नावाचा इशारा काढतात. वैमानिक विमानात शिरण्यापूर्वी हे सारं वाचतात आणि दोन निर्णय तिथेच होतात: वाट कोणती आणि जास्तीचं इंधन किती. वळसा घ्यावा लागला, वाट बघत घिरट्या घालाव्या लागल्या, मुंबईत उतरता न येऊन अहमदाबाद किंवा नागपूर गाठावं लागलं, तर लागणारं इंधन मुंबईच्या पावसाळ्यात हिशेबात धरावंच लागतं.

त्यानंतर कॅप्टन केबिन क्रूशी बोलतो. निघाल्यापासून अमुक मिनिटांनी हवा खराब असेल, तेव्हा जेवणाच्या गाड्या बाहेर काढू नका, किंवा उतरण्याआधी नेहमीपेक्षा लवकर आवराआवर करा, असं हे बोलणं असतं. उड्डाणानंतर जेवण यायला उशीर का होतो आहे, याचं उत्तर अनेकदा या बोलण्यात असतं.

आता आकाशात काय असतं ते. धक्के एकाच जातीचे नसतात आणि प्रत्येकाला चुकवायची रीत वेगळी असते. एप्रिल-मेच्या दुपारी पुण्याहून नागपूरला निघालात तर चढताना आणि उतरताना विमान हलणारच. तापलेल्या जमिनीवरून हवेचे लोट वर उठत असतात. हे धक्के त्रासदायक असले तरी सहसा मोठे नसतात आणि उंची गाठली की संपतात. ज्यांना फार भीती वाटते त्यांनी उन्हाळ्यात सकाळचं पहिलं विमान निवडावं आणि पंखाजवळची जागा घ्यावी. शेपटाकडे हालचाल जास्त जाणवते.

डोंगरावरून येणाऱ्या वाऱ्याचं प्रकरण वेगळं. नदीच्या पात्रात मोठा धोंडा असला की त्याच्या पलीकडे पाणी कितीतरी अंतर उसळत राहतं. हवेचंही तसंच होतं. डोंगराच्या वाऱ्याआडच्या बाजूला हवेच्या लाटा तयार होतात, त्या फुटल्या की विमान जबर हादरतं, आणि वर ढगाचा ठिपकाही नसतो. ५ मार्च १९६६ ला टोकियोहून हाँगकाँगला निघालेलं बीओएसी या ब्रिटिश कंपनीचं बोइंग ७०७ स्वच्छ उन्हात फुजी पर्वताजवळ अशाच हवेत सापडून हवेतच मोडलं. विमानातली सर्व १२४ माणसं गेली. आजची विमानं त्याहून फार वेगळी आहेत, त्याबद्दल पुढे सांगतो. पण उंच पर्वताच्या आडोशाला, वारा जोराचा असताना जवळ जायचं नाही, हा धडा त्यानंतर पक्का झाला. लेह किंवा काठमांडूच्या वाटेवर वैमानिक डोंगरमाथ्यावरच्या वाऱ्याचा वेग आणि दिशा बघतात ती यासाठी.

तिसरा प्रकार निरभ्र आकाशातल्या धक्क्यांचा. हिवाळ्यात उत्तर भारतावरून, साधारण बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्याचा प्रवाह वाहतो. त्याला जेट स्ट्रीम म्हणतात आणि त्याचा वेग ताशी २०० किलोमीटरच्याही वर जातो. प्रवाहाच्या कडेला वेगवान हवा आणि संथ हवा शेजारी शेजारी असतात. तिथे भोवरे होतात. विमानातल्या रडारला हे दिसत नाही. रडारची लहर पाण्याच्या थेंबावर आपटून परत येते. इथे थेंबच नाहीत. मग वैमानिक काय करतो? आराखड्यातले वाऱ्याचे आकडे आणि प्रत्यक्ष बाहेरचे आकडे ताडून बघतो. बाहेरचं तापमान अचानक बदलू लागलं तर सावध होतो. आणि विचारतो. हे विचारणं मला फार मोलाचं वाटतं. पुढे गेलेल्या विमानाने एटीसीला, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाला, कळवलेलं असतं की ३५,००० वर हादरे आहेत, ३१,००० वर शांत आहे. मागचा वैमानिक ते ऐकतो आणि उंची बदलून मागतो. महासागरावर, जिथे जमिनीवरून संपर्क पुरेसा नसतो, तिथे १२३.४५ मेगाहर्ट्झ या वारंवारतेवर वेगवेगळ्या देशांच्या, वेगवेगळ्या कंपन्यांचे वैमानिक एकमेकांना ‘पुढे हवा कशी आहे’ म्हणून विचारत असतात. धंद्यातली स्पर्धा तिथे आड येत नाही. आता या विचारपुशीला यंत्राची जोड मिळाली आहे. विमानं स्वतःला बसलेल्या धक्क्यांची तीव्रता आपोआप मोजून पाठवतात आणि आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या व्यवस्थेतून ती मागच्या विमानांना मिळते.

उंची बदलणं मात्र वाटतं तितकं सोपं नाही. वरची पातळी दुसऱ्या विमानाने व्यापलेली असते, किंवा विमान इंधनाने इतकं जड असतं की अजून वर चढूच शकत नाही. लांबच्या प्रवासात पहिले काही तास हीच अडचण असते. अशा वेळी वैमानिक वेग थोडा कमी करतो. प्रत्येक विमानाला धक्क्यांच्या हवेतून जाण्यासाठीचा वेग ठरवून दिलेला असतो. इंजिनांचा आवाज एकदम मवाळ झाला तर घाबरू नका; तो वेग साधला जात असतो.

राहिला चौथा प्रकार, आणि आपल्या देशात सगळ्यात जास्त जपायचं ते यालाच. गडगडाटी ढग. वैमानिक त्याला ‘सीबी’ म्हणतात, क्युम्युलोनिंबसचं ते लघुरूप. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर दख्खनवर उभे राहतात ते, बंगाल-झारखंडकडे कालबैसाखीत उठतात ते. यांची उंची पंधरा किलोमीटरच्याही वर जाते, म्हणजे प्रवासी विमानापेक्षा उंच. ढगाच्या आत एका बाजूला हवा मिनिटाला हजारो फूट वेगाने वर जात असते आणि शेजारीच तितक्याच जोराने खाली येत असते. त्यात गारा असतात, विजा असतात. जाणूनबुजून कोणी त्यात शिरत नाही.

तो चुकवण्याचं साधन म्हणजे विमानाच्या नाकात बसवलेलं हवामान रडार. पडद्यावर हिरवा, पिवळा, लाल असे रंग येतात, लाल म्हणजे जोरदार पाऊस. बघणाऱ्याला वाटेल, लाल सोडून चाललं की झालं. पण रडार वाचणं ही विद्या आहे आणि ती यायला वर्षं जातात. ढगाच्या माथ्यावर कोरडे बर्फाचे कण असतात; ते रडारला जेमतेम दिसतात. पाण्याने भरलेला, रडारला ठळक दिसणारा भाग खाली असतो, उन्हाळ्यात साधारण सोळा-सतरा हजार फुटांच्या आसपास आणि त्याखाली. त्यामुळे ३५,००० फुटांवरून रडार सरळ समोर रोखलं तर पडदा स्वच्छ दिसेल आणि समोर राक्षसी ढग उभा असेल. म्हणून वैमानिक रडारचा रोख खाली करून ढगाचं पोट तपासतात आणि त्यावरून माथ्याचा अंदाज बांधतात. नवी रडारं हे वर-खाली बघणं आपोआप करतात, तरीही निकाल माणसालाच लावावा लागतो. शिवाय समोरचा पाऊस इतका दाट असू शकतो की रडारची लहर त्यातच संपून जाते. त्यामागे पडद्यावर काळी, रिकामी जागा दिसते. नवख्याला ती वाट मोकळी वाटते. जाणत्याला कळतं की तिकडचं काहीच दिसत नाहीये, आणि तो तिकडे जात नाही.

अंतर किती ठेवायचं याचेही दंडक आहेत. जोरदार ढगापासून निदान २० सागरी मैल, म्हणजे ३७ किलोमीटर लांब राहायचं. शक्यतो वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूने वळसा घालायचा, कारण गारा आणि खवळलेली हवा ढगाच्या पुढे, वाऱ्याच्या दिशेने फेकली जातात. वरून जाण्याचा मोह टाळायचा. हा शेवटचा दंडक किती महत्त्वाचा, हे १८ डिसेंबर २०२२ ला दिसलं. फिनिक्सहून होनोलुलूला चाललेल्या हवाइयन एअरलाइन्सच्या एअरबस ए३३० च्या कॅप्टनने नंतर सांगितलं की ढग धुराच्या लोटासारखा काही सेकंदांत विमानासमोर उभा राहिला. त्याने केबिनमधल्या मुख्य कर्मचारी बाईंना फोनवर सावध केलं आणि एक ते तीन सेकंदांत विमानाला तीव्र झटका बसला. २५ जण जखमी झाले, काही गंभीर. अमेरिकेच्या तपास मंडळाने पुढे निष्कर्ष काढला की दिसत असलेल्या वादळी ढगाला वळसा न घालता वरून जाण्याचा निर्णय याला कारण झाला.

हे मी मुद्दाम सांगतो आहे. वैमानिक माणसंच आहेत, त्यांचा अंदाज चुकू शकतो. आणि कधी अंदाज बरोबर असूनही वाट मिळत नाही. २१ मे २०२५ ला दिल्लीहून श्रीनगरला जाणाऱ्या इंडिगोच्या विमानासमोर पठाणकोटजवळ, ३६,००० फुटांवर, असाच ढग आला. वैमानिकांनी डावीकडे, म्हणजे सरहद्दीच्या बाजूला वळायची परवानगी मागितली. ती मिळाली नाही. लाहोरकडे मागितली, तीही नाही. तेव्हा भारत आणि पाकिस्तान, दोन्ही देशांनी एकमेकांना आपलं आकाश बंद केलं होतं. मागे फिरायचा विचार झाला, पण ढग फारच जवळ आला होता. शेवटी ते गारांमधून सर्वांत जवळच्या वाटेने बाहेर पडले. मध्ये एकदा विमान मिनिटाला ८,५०० फूट वेगाने खाली जात होतं, वेग दाखवणारी यंत्रणा भरवशाची राहिली नव्हती, आणि वैमानिक हाताने विमान सांभाळत होते. नाकाचा भाग गारांनी फुटला. विमान श्रीनगरला सुखरूप उतरलं, कोणाला इजा झाली नाही.

मग विमान मोडत कसं नाही? मोठ्या प्रवासी विमानाची रचना अडीच जी इतका भार सहज सोसेल अशी असते आणि त्याच्या दीडपट भार प्रत्यक्ष लावून बघावा लागतो. १९९५ साली बोइंग ७७७ चा पंख चाचणीत मुद्दाम मोडेपर्यंत वाकवला. तो मोडला कमाल अपेक्षित भाराच्या १५४ टक्क्यांवर, टोक सात मीटरहून अधिक वर उचललं गेल्यावर. तेव्हा खिडकीतून पंख हलताना दिसला तर तो हलायलाच हवा, तसाच तो बनवलेला आहे. धोका पंखाला फारसा नाही. आत, कातड्याच्या खुर्चीवर, मोकळं बसलेल्या माणसाला आहे.

मुंबईकरांना जवळचं उदाहरण द्यायचं तर १ मे २०२२ चं. मुंबईहून बंगालमधल्या दुर्गापूरला गेलेलं स्पाइसजेटचं बोइंग ७३७ उतरायच्या तयारीत वादळी हवेत सापडलं. भार अधिक २.६४ जी ते उणे १.३६ जी असा हेलकावला, ऑटोपायलट दोन मिनिटं सुटला, वैमानिकांनी हाताने विमान उडवलं आणि दुर्गापूरला उतरवलं. १४ प्रवासी आणि केबिन क्रूमधले तिघं जखमी झाले. जखमींपैकी एक प्रवासी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दगावला.

केबिन क्रूमधल्या त्या तिघांकडे लक्ष द्या. विमानात केबिन क्रूची माणसं आपल्या तुलनेत मूठभर असतात, पण धक्क्यांत सर्वाधिक मोडतात ती तीच. अमेरिकेच्या नागरी उड्डाण प्रशासनाच्या नोंदींनुसार २००९ ते २०२२ या काळात तिथल्या विमानांत धक्क्यांमुळे १६३ जणांना गंभीर दुखापती झाल्या. त्यात १२९ कर्मचारी आणि ३४ प्रवासी. कारण उघड आहे. आपण बसलेलो असतो, ते उभे असतात. त्यांच्या हातात गरम चहाची किटली असते, समोर भरलेली जड गाडी असते. खूण लागल्यावरही ते आपले पट्टे तपासत रांगेतून फिरत असतात, आणि ‘ताई, पट्टा लावा, दादा, बसून घ्या’ म्हणत प्रत्येकाची मनधरणी करत असतात. तुम्ही वाद घालण्यात घालवलेले वीस सेकंद क्रूमधली ती मुलगी उभी असते. तिला लवकर बसता यावं म्हणून तरी ती येण्याआधी पट्टा लावलेला असू द्या.

आणि सेवा थांबली तर कुरकुर करू नका. लंडन-सिंगापूरच्या त्या प्रकारानंतर सिंगापूर एअरलाइन्सने खूण लागलेली असताना गरम पेयांबरोबर जेवण वाढणंही बंद केलं. कोरियन एअरने ऑगस्ट २०२४ पासून इकॉनॉमी वर्गातलं कपातलं गरम नूडल्स देणंच थांबवलं, कारण धक्क्यांत लोक भाजत होते. आपल्याकडेही चहा मिळाला नाही, पैसे दिले आहेत, म्हणून आवाज चढवणारे प्रवासी असतात. त्यांच्या शेजारी बसला असाल तर शांतपणे समजावून सांगा. विमान वळसा घालून अर्धा तास उशिरा पोचलं, किंवा मुंबईवर ढग आहेत म्हणून निघालंच नाही, तरी त्या वैमानिकावर राग काढू नका. ज्याला उशिराबद्दल शिव्या बसतात, त्याच्यावर पुढच्या वेळी सरळ जाण्याचं दडपण येतं. ते दडपण आपण प्रवाशांनी निर्माण करता कामा नये.

त्यात हे धक्के वाढत चालले आहेत. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, उत्तर अटलांटिकवरच्या एखाद्या सर्वसाधारण ठिकाणी निरभ्र आकाशातल्या तीव्र धक्क्यांचा वर्षभरातला एकूण काळ १९७९ ते २०२० या दरम्यान ५५ टक्क्यांनी वाढला. हवा तापते आहे तशी वरच्या वाऱ्यांची उलथापालथ वाढते आहे. म्हणजे ही काळजी कमी होण्यासारखी नाही.

आता पट्टा कसा लावायचा ते. पोटावर नको, खाली, कमरेच्या हाडांवर, आणि घट्ट. गाडीतल्यासारखा सैल ठेवला तर तुम्ही त्याच्यातून वर उचलले जाता आणि मग तोच पट्टा पोटात रुततो. चादर घेऊन झोपणार असाल तर पट्टा चादरीच्या वर बांधा. क्रूला तो दिसतो आणि तुम्हाला कोणी उठवत नाही. लॅपटॉप, पाण्याची धातूची बाटली, तीर्थाचा तांब्या असलं जड काही मांडीवर किंवा शेजारच्या मोकळ्या जागेवर ठेवू नका. जे बांधलेलं नाही ते उडतं आणि दुसऱ्याच्या डोक्यात बसतं. बांधून न घेतलेला ऐंशी किलोचा माणूसही तसाच उडतो आणि पट्टा लावून बसलेल्या कोणावर तरी येऊन पडतो, हे कृपा करून ध्यानात घ्या.

दोन वर्षांखालचं मूल मांडीवर असेल तर आपल्याच पट्ट्यात दोघांना गुंडाळू नका. झटक्यात तुमचं सगळं वजन बाळावर येतं. आपल्याकडे बाळासाठी वेगळा छोटा पट्टा देतात, तो तुमच्या पट्ट्याला अडकतो. विमान सुटताना आणि उतरताना तो लावायला सांगतात. मधल्या वेळातही राहू द्या. परवडत असेल तर बाळाला स्वतंत्र जागा आणि मान्यताप्राप्त बेबी सीट हे सगळ्यात सुरक्षित. कोणती सीट चालते हे तिकीट काढतानाच कंपनीला विचारून घ्या.

शौचालयाला जायचं तर खूण विझलेली असताना, वेळ हाताशी ठेवून जा. विमान खाली उतरू लागण्याची वाट बघू नका. आत असताना हादरे सुरू झाले तर भिंतीवरच्या मुठीला घट्ट धरून बसून राहा. रांगेत उभे असताना सुरू झाले तर आपल्या जागेकडे पळू नका. जवळची कुठलीही रिकामी खुर्ची घ्या आणि पट्टा लावा, शेजारी अनोळखी असला तरी हरकत नाही. खुर्ची नसेल तर सरळ जमिनीवर बसा आणि खुर्चीचा पाय धरा. छान नेसलेल्या साडीची पर्वा तेव्हा करू नका. धक्का ओसरल्यावरही लगेच उठून सामानाचे कप्पे उघडू नका; आतलं सामान सरकलेलं असतं. कोणाला लागलं असेल तर जागेवरूनच क्रूला बोलवा आणि मानेला किंवा पाठीला मार असेल तर त्या माणसाला हलवू नका.

शेवटचं सांगणं ज्यांच्या मुली-मुलगे परदेशात आहेत त्यांच्या घरच्यांना. नातवंडांना भेटायला न्यूयॉर्क-सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले आई-वडील पंधरा-सोळा तास विमानात असतात. पायांवर सूज येऊ नये म्हणून त्यांनी मधूनमधून उठून चालायला हवंच. हवा शांत असताना चालावं, येऊन बसावं आणि पुन्हा पट्टा लावावा. अनेक आजींना ते बकल उघडता येईल की नाही याचीच धास्ती असते, म्हणून त्या तो लावतच नाहीत. विमानतळावर सोडायला जाल तेव्हा पासपोर्ट आणि औषधांबरोबर एवढंही सांगा: बकलाची वरची झडप उचलली की पट्टा सुटतो, ओढाताण लागत नाही. विमानातल्या सूचना बऱ्याचदा इंग्रजीत असतात. पण घंटी वाजली की पट्टा चाचपायचा, एवढं भाषेवाचून कळतं. तिकडून परत येतानाही हेच करायचं, हे फोनवर पुन्हा एकदा सांगा.